मालवणचे तीन दिवस: यादी नंतर, आधी तिथी बघा

नमस्कार ताई. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नाताळच्या सुट्टीत तुम्ही नाशिकहून सहा जण मालवणला येणार आहात: तुम्ही दोघे, दीर, तेरा वर्षांचा मुलगा, आठ वर्षांची मुलगी आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखतात. हातात तीन दिवस आहेत, तारखा अजून पक्क्या नाहीत. कोणीतरी तुम्हाला स्कूबा, पॅरासेलिंग, बनाना राईड, डॉल्फिन, त्सुनामी आयलंड आणि किल्ला असे सगळे एका दिवसात उरकणारे पॅकेज सांगितले आहे. ते घ्यावे का, आणि पाण्यातल्या खेळांशिवाय बाहेर फिरण्या-बघण्यासारखे काय आहे, हे तुम्हाला हवे आहे.

मी मालवणचा. घरची होडी आहे, बरीच वर्षे स्कूबाच्या बोटीवर काम केले आणि आता मुख्यतः घरी उतरणाऱ्या पाहुण्यांना फिरवतो. पॅकेजबद्दल माझे उत्तर सरळ आहे: घेऊ नका. पैसे फुकट जातील म्हणून नव्हे. त्यातली प्रत्येक गोष्ट दिवसाच्या ठरावीक वेळीच चांगली होते, आणि त्या सगळ्या वेळा एका दिवसात कधीच जुळत नाहीत. मालवणात काय बघायचे हा खरा प्रश्नच नाही. बंदर, सिंधुदुर्ग किल्ला आणि चिवला, दांडी, वायरी, तारकर्ली, देवबाग हे किनारे, सगळे दहा-बारा किलोमीटरच्या पट्टीत आहे, चुकवायचे म्हटले तरी चुकत नाही. कुठे कधी जायचे, हा प्रश्न आहे. तीच जागा सकाळी सातला आणि दुपारी तीनला वेगळी असते, आणि पौर्णिमेला आणि अष्टमीलाही वेगळी असते. हे दोन हिशेब समजले की कार्यक्रम तुमचा तुम्हीच आखाल.

पहिला हिशेब वाऱ्याचा. डिसेंबरात रात्रभर जमीन गार होते आणि पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो मतलई. त्या वेळी किनाऱ्याजवळचे पाणी तेल ओतल्यासारखे सपाट असते. दहा-अकराच्या पुढे जमीन तापते, वारा उलटतो आणि समुद्राकडून खारा वारा सुरू होतो. दुपारी दोननंतर होडी चांगलीच हलायला लागते. म्हणून होडीत बसून करायचे जे काही असेल ते सकाळी अकराच्या आत. होडी लागणाऱ्या माणसांना मी एवढेच सांगतो, गोळी घेण्याआधी वेळ बदला. कधी उत्तरेकडचा वारा दोन-तीन दिवस थांबतच नाही. तेव्हा तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, म्हणाला, "आज वारो हा, उद्या सकाळी येवा," तर हट्ट धरू नका. एका फेरीचे पैसे सोडून तो हे सांगतोय.

दुसरा हिशेब भरती-ओहोटीचा. आमच्या किनाऱ्याला दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात आणि रोज त्या साधारण पाऊण तास पुढे सरकतात. जुनी माणसे तिथीची पाऊणपट करतात: अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास, सकाळी आणि संध्याकाळीही. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. कृष्ण पक्षातही मोजणी पुन्हा प्रतिपदेपासूनच करायची. हा हिशेब मुंबईच्या बाजूला जास्त बरोबर बसतो, मालवणात पाणी थोडे आधी भरते. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी, आम्ही तिला सुकती म्हणतो. अंदाजाला एवढे पुरते. नेमकी वेळ हवी असेल तर मोबाइलवर भरतीचा तक्ता मिळतो. त्यात वेळेसोबत पाण्याच्या उंचीचा आकडाही बघा, कारण एकाच दिवसाच्या दोन सुकत्या सारख्या नसतात. घरात कालनिर्णय असेल तर तिथी त्यातच सापडेल. ते सुरू करणारे जयंतराव साळगावकर मालवणचेच, गावातले जय गणेश मंदिर त्यांनीच बांधले.

आता या दोन हिशेबांचा उपयोग. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते, पाणी खूप चढते आणि खूप उतरते, प्रवाह जोरात असतात. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाण्याची चढउतार कमी आणि प्रवाह मंद. समुद्राखाली बघायचे असेल तर भांगाचे दिवस बरे, कारण उधाणाच्या ओढीने वाळू उठते आणि पाणी गढूळ होते. खडकांवर फिरायचे असेल तर उधाणाचे दिवस हवेत, कारण एरवी उघडे न पडणारे खडक तेव्हाच उघडे पडतात. दोन्ही उत्तम हवे असेल तर ते एकाच तीन दिवसांत मिळणार नाही. तारखा अजून ठरलेल्या नाहीत हे चांगलेच आहे. घरात आधी ठरवा की जास्त ओढ कशाची आहे.

स्कूबाबद्दल सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त लोक त्यासाठीच येतात आणि सगळ्यात कमी प्रश्न त्याबद्दलच विचारतात.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या मागच्या बाजूला उथळ खडक आहेत, बहुतेकांना तिथे नेतात. पोहता येण्याची गरज नसते, प्रशिक्षक सतत धरून असतो. पण जगभर डायव्हिंगसाठी धरलेली किमान वयोमर्यादा दहा वर्षे आहे. तुमच्या मुलाला चालेल, मुलीला नाही. "काही होत नाही, आम्ही सांभाळतो" असे कोणी म्हटले तरी आठ वर्षांच्या मुलीला टाकी लावून पाण्याखाली पाठवू नका. कानावरचा दाब सोडवणे, तोंडाने संथ श्वास घेत राहणे, घाबरल्यावर वर उसळी न मारता खूण करणे, हे त्या वयाला नीट जमत नाही. आणि श्वास रोखून वर आल्यास फुप्फुसांना इजा होऊ शकते. तिच्यासाठी मास्क आणि नळी लावून उथळ पाण्यात तरंगत खाली बघणे, म्हणजे स्नॉर्कलिंग, पुरेसे आहे. ते चिवल्याच्या शांत पाण्यातही शिकवता येते. आदल्या संध्याकाळी अर्धा तास कंबरभर पाण्यात सराव करून घेतला तर दुसऱ्या दिवशी तीच पुढे असेल.

मोठ्यांपैकी कोणाला दमा, हृदयविकार, फिट्स, अलीकडची शस्त्रक्रिया, गरोदरपण असे काही असेल तर स्कूबा नको. साधी सर्दीसुद्धा पुरे आहे. नाक बंद असेल तर कानातला दाब सुटत नाही आणि कान फाटतो की काय असे वाटते, क्वचित पडद्याला खरोखर इजा होते. खाली जाताना नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचे, दर काही हात उतरल्यावर पुन्हा. दुखायला लागण्याआधी. दुखले की तिथेच थांबायचे, हाताने खूण करायची आणि थोडे वर यायचे. बोटीवर बसल्यावर घाईत ऐकलेली ही गोष्ट पाण्यात आठवत नाही, म्हणून घरीच मुलाकडून दहा वेळा करून घ्या.

ठरवण्याआधी काय विचारायचे? एका प्रशिक्षकाकडे पाण्यात किती जण असतात. उत्तर 'एक' असले पाहिजे. बोटीची माणसे वाहण्याची मर्यादा किती आणि आज किती जण येणार. लाइफ जॅकेट जागेवर आहेत की बाकाखाली कोंबून ठेवलेली आहेत. बोटीवर प्राणवायूची टाकी आणि प्रथमोपचाराचे सामान आहे का. पाण्याखाली नेमका किती वेळ देणार. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटून दोन जणांचा जीव गेला. त्यामुळे जॅकेट फोटोपुरते घालू नका, परतीच्या वाटेवरही घाला आणि बंद लावून घाला. हे विचारलेले एखाद्याला आवडले नाही तर तिथून उठा, शेजारी दुसरा आहे. तारकर्लीत पर्यटन महामंडळाची स्कूबा डायव्हिंग शिकवणारी संस्था आहे. मुलाला पुढे खरोखर शिकायची इच्छा झाली तर तिथली चौकशी करा.

स्कूबा पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवा, निघण्याच्या दिवशी नको. डायव्हनंतर विमानात बसण्याआधी किमान बारा तास जाऊ द्यावे लागतात. तुम्ही गाडीने घाट चढून जाणार असलात तरी मी मध्ये एक रात्र जाऊ द्या असेच सांगेन.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. हा सगळा भाग १९८७ साली जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्याचा आहे, एकूण क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. खाली जे प्रवाळ दिसते ते जिवंत आहे आणि वर्षाला फार थोडे वाढते. त्यावर पाय देऊन फोटो काढू नका. मासे जवळ यावेत म्हणून काही जण पाव-बिस्किटे सोडतात. व्हिडिओ छान येतो, पण तेच मासे खडकांवरचे शेवाळ खाऊन प्रवाळाला जागा मोकळी ठेवत असतात, आणि पावाला चटावले की ते काम सुटते. आधीच सांगा, आमच्यासाठी खाणे टाकू नका. पाहुण्यांनी म्हटले तर ऐकतात, आमच्यासारख्यांनी म्हटलेले तितके ऐकले जात नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, पाण्यातल्या खेळांशिवाय काय. माझ्या मते मुलांसाठी मालवणातली सगळ्यात सुंदर गोष्ट फुकट आहे आणि तिला कोणी पॅकेजमध्ये घालत नाही. सुकतीच्या वेळी खडपावर जा. खडपे म्हणजे भरतीत बुडणारे आणि ओहोटीत उघडे पडणारे खडक. रॉक गार्डनच्या खालच्या बाजूला ती आहेत, आणि दांडीच्या किनाऱ्यावरून पद्मगडाकडे जाताना तर आहेतच. पाणी उतरताना खडकांच्या खळग्यांत डबकी राहतात, त्यांच्याशेजारी गुडघ्यावर बसून दोन मिनिटे हलू नका. आधी काहीच दिसत नाही. मग शंख चालायला लागतो आणि कळते की आत खेकडा आहे. हिरवट फुलासारखे काहीतरी पाण्यात डुलत असते, सावली पडली की मिटते. ते समुद्रफूल, प्राणी आहे. काळी समुद्रकाकडी, बोटाएवढे मासे, खडकाला चिकटलेले स्पंज, आणि नशीब असेल तर एखादी रंगीत समुद्रगोगलगाय. कोयती घेऊन कालवे, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, काढणाऱ्या बायका भेटतील. त्यांना विचारले तर मुलीला दाखवतील की बंद शिंपला कसा उघडतात. फक्त त्यांच्या कामात मध्ये उभे राहू नका, पाणी परत यायच्या आत त्यांना टोपली भरायची असते.

खडपावर अनवाणी जाऊ नका, कालवांच्या कडा पात्यासारख्या कापतात. चप्पल नको, मागून पट्टा असलेली सँडल किंवा जुने बूट. काहीही उचलून घरी न्यायचे नाही, रिकामा शंखसुद्धा नाही, कारण उद्या त्यात खेकडा राहायला येणार असतो. शंकूसारख्या आकाराचा, नक्षीदार शंख दिसला तर हातही लावू नका, त्यातल्या काही गोगलगाई विषारी दंश करतात. आणि पाण्याकडे पाठ करून बसू नका.

पद्मगड हे दांडीसमोरचे छोटे बेट आहे. चांगल्या सुकतीला तिथे चालत जाता येते, आत वेतोबाचे स्थान आहे. ते अभयारण्याच्या गाभ्याच्या भागात येते. इथे वेळेचे भान सगळ्यात महत्त्वाचे. सुकतीच्या तासभर आधी निघायचे आणि पाणी वळायच्या आत परत फिरायचे. वाट खडकांमधून आहे, आणि पाणी भरायला लागले की मागे फिरायची जागा आधी बुडते. दांडीवर कोणत्याही घरी विचारा, "आता जाऊन येता येईल का?" नाही म्हणाले तर नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या दिवशी सुकती पहाटे आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास येते. त्यानंतरच्या प्रतिपदेपासून चतुर्थीपर्यंत ती सकाळी सहा ते साडेआठच्या दरम्यान असते. ऊन नाही, वारा नाही, पाणी खाली, असा योग त्याच चार दिवसांत जमतो. तुमच्या तारखा या चारांत बसवता आल्या तर मुलीसाठी मी तेच निवडेन.

किल्ल्याबद्दल फार सांगायला नको, पण लोक तो घाईत बघतात याचे मला वाईट वाटते. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी महाराजांनी पायाभरणी केली आणि १६६७ मध्ये किल्ला उभा राहिला. कुरटे बेटावर अठ्ठेचाळीस एकरांत तो पसरला आहे, तटाची लांबी सुमारे तीन किलोमीटर. पायाच्या दगडांत शिसे ओतले आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा समावेश झाला, त्यात हाही आहे. बंदरातून होडी दहा-पंधरा मिनिटांत नेते आणि साधारण तासाभराने परत या म्हणून सांगते. तासात तटावरून पूर्ण फेरी होत नाही. तिकीट काढतानाच विचारा की नंतरच्या होडीने आलो तर चालेल का. गर्दीच्या दिवसांत प्रत्येकाची पद्धत वेगळी असते, पण आधी विचारले तर बहुधा सोय होते. मुलाला एक काम द्या: होडीतून जाताना किल्ल्याचा दरवाजा शोधायचा. दोन बुरुजांच्या वळणाआड तो असा लपवला आहे की अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी बघा. चारी बाजूंनी खारे पाणी आणि मध्ये हे, म्हणूनच तिथे वस्ती टिकली, काही कुटुंबे आजही किल्ल्यात राहतात. राजाराम महाराजांनी बांधलेले शिवराजेश्वर मंदिर आत आहेच.

सासूबाईंना किल्ल्यावर न्यावे का? जेट्टीवरून होडीत पाय टाकण्यापुरता आधार लागेल, दोन्ही बाजूंनी हात द्यायला खलाशी असतात. दरवाजातून मंदिरापर्यंतची वाट साधारण सपाट आहे, तेवढे त्यांनी करावे. तटाच्या पायऱ्या उंच आणि झिजलेल्या आहेत, त्या नकोत. उधाणाच्या सुकतीला होडी जेट्टीच्या बरीच खाली असते आणि उतरणे अवघड होते, म्हणून त्यांच्यासाठी पाणी भरलेली वेळ निवडा. याउलट किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यातून होडीत चढावे लागते तिथे त्यांना नेऊच नका. देवबागला खाडीच्या बाजूने होड्या लागतात, तिथले पाणी संथ असते आणि चढणे सोपे जाते.

देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. टोकाला संगम. त्सुनामी आयलंड म्हणतात ते संगमाजवळच्या खाडीतले वाळूचे बेट आहे. पाणी उतरलेले असेल तर वाळू भरपूर उघडी असते आणि मुलांना खेळता येते, भरतीत तिथे नुसते पाण्यात उभे राहणे होते. जेट स्की, बनाना, बंपर वगैरे सगळे तिथेच आहे. त्याबद्दल माझे फारसे मत नाही, मुलाला एक-दोन राईड करू द्या, त्याला मजा येईल.

डॉल्फिन बघायला मात्र होडी संगमातून बाहेर समुद्रात जाते आणि तिथे काळजी हवी. सुकतीला नदीचे पाणी जोरात बाहेर पडत असते, समोरून लाट येते, आणि दोन्ही जिथे भिडतात तिथे पाणी उभे राहते. सकाळची भरती चढत असताना किंवा पाणी थांबलेले असताना निघालात तर काही कळतसुद्धा नाही. डॉल्फिन दिसतीलच असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, पण सकाळी सात-साडेसातला निवतीच्या बाजूला दिसण्याची शक्यता चांगली असते. दिसले की तांडेलला इंजिन बंद करायला सांगा. पाठलाग केला की ते बुडी मारून दूर जातात, शांत थांबलात तर कधी होडीजवळूनच जातात.

सासूबाईंसाठी आणि खरे तर सगळ्यांसाठी दोन दुपारी सुचवतो. एक, कर्ली पुलावरून परुळेमार्गे गाडीने भोगवे आणि किल्ले निवती. वरून देवबागची पट्टी, संगम आणि दोन्हीकडचे पाणी एका नजरेत दिसते, आणि भोगव्याच्या वाळूवर तारकर्लीएवढी माणसे नसतात. दोन, धामापूरचा तलाव. कुडाळच्या रस्त्यावर दाट झाडीत, काठाला भगवतीचे देऊळ. हा तलाव १५३० सालचा मानतात आणि २०२० मध्ये त्याला जागतिक सिंचन वारशाचा मान मिळाला. किनाऱ्याच्या उन्हातून तिथे गेल्यावर गारवा जाणवतो. ज्यांना इंजिनचा आवाज नको असेल त्यांनी एक दिवस वेंगुर्ल्याला काढावा. तिथे मांडवी खाडीत महिला बचतगटाच्या बायका वल्ह्याच्या होडीतून कांदळवन दाखवतात, झाडांची नावे आणि पक्षी सांगतात. तीन दिवसांत जमेल का हे तुमच्या वेगावर आहे. मी ते स्कूबाऐवजी करा म्हणेन, स्कूबासोबत नव्हे.

सकाळी लवकर उठणार असाल तर रापण बघा. चिवला, दांडी, तारकर्ली, कुठेही लागते. होडीतून जाळे समुद्रात अर्धवर्तुळात टाकून येतात आणि मग दोन्ही टोके किनाऱ्यावरून दोन रांगा ओढत आणतात, तासभर तरी चालते. मासळी किती लागेल ते कोणालाच ठाऊक नसते. मुलांना दोरीला हात लावायचा असेल तर विचारा, बहुतेक वेळा जागा करून देतात. फोटोही विचारूनच काढा. जाळे रिकामे आले असेल त्या दिवशी कॅमेरा खिशात ठेवा.

पोहण्याबद्दल कडक शब्दांत लिहितो. एप्रिल २०१७ मध्ये वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून सहलीला आलेले आठ जण बुडाले. आमचा किनारा दिसायला उथळ आणि शांत आहे, पण वाळूखाली चर पडलेले असतात आणि परतणारे पाणी त्यांतून जोरात बाहेर जाते. लाटा फुटत नाहीत अशी पट्टी दिसली की लोकांना ती सुरक्षित वाटते, ओढ बहुधा तिथेच असते. गावातला माणूस जिथे उतरा म्हणेल तिथेच उतरा, कमरेच्या वर जाऊ नका, पाणी ओसरत असताना तर नकोच. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे झटू नका, किनाऱ्याला समांतर सरकत जा, ओढ सुटली की मग या. देवबागच्या संगमावर पोहायचेच नाही. मुलांसाठी चिवला सगळ्यात बरा, तिथे पाणी आडोशाला आहे. डिसेंबरात तिथे सागरी जलतरण स्पर्धाही होते. तुमच्या तारखांना आली तर बघा, मुलाच्या वयाची पोरे किती अंतर कापतात ते त्याला कळेल.

आता मांडणी. तारखा अष्टमीच्या आसपासच्या असतील तर पहिल्या सकाळी किल्ला, दुसऱ्या सकाळी स्कूबा आणि मुलीचे स्नॉर्कलिंग, तिसऱ्या सकाळी डॉल्फिन. भांगाला सुकती दुपारच्या सुमारास असते, म्हणजे डॉल्फिन बघून परतताना पाणी उतरत आलेले असते आणि जेवणाआधी त्सुनामी आयलंडही जमून जाईल. पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या चार दिवसांत आलात तर दोन सकाळी खडप आणि पद्मगड, नाश्ता करून साडेनऊ-दहाला किल्ला, आणि स्कूबा करायचाच असेल तर पाणी कसे आहे ते आदल्या संध्याकाळी बोटवाल्याला विचारून. दुपारी बारा ते साडेतीन दोन्ही बाबतींत जेवण आणि झोप. सासूबाईंना ते हवे असते आणि मुलांना लागते. जेवायला ताटाचा बोर्ड बघण्याआधी विचारा की आज काय आले आहे. बांगडा ताजा असेल तर सुरमईच्या मागे लागू नका, मुलांना तिखट झेपत नसेल तर सोलकढी आधी मागवा.

नाताळ ते एकतीस डिसेंबर इथे फार गर्दी असते आणि मालवण-तारकर्ली-देवबाग हा एकच अरुंद रस्ता आहे. देवबागला जायचे असेल त्या दिवशी सकाळी सातच्या आधी गाडी काढा, किंवा मुक्कामच तिकडे करा. किल्ला आणि खडप जास्त हवे असेल तर मुक्काम गावात, दांडी किंवा चिवल्याजवळ. रेल्वेने येणार असाल तर कुडाळला उतरा, तिथून मालवण साधारण तीस किलोमीटर. गाडी आदल्या दिवशी सांगून ठेवा, त्या आठवड्यात स्टेशनवर ऐनवेळी मिळत नाही. तारखा पक्क्या झाल्या की तिथी आणि मुक्कामाची जागा कळवा, भरतीच्या वेळा बघून कोणत्या दिवशी काय आधी ते मी लावून देईन.